वीस डिग्रीतले पाहुणे

अख्ख्या इंदुरात सडक्या फळाकडे मायेनं बघणारी व्यक्ती एकच, माझी थोरली आतेबहीण. सगळं शहर ओला कचरा, सुका कचरा करण्यात गुंतलेलं असताना ही विदुषी खजरान्याला गणपतीच्या दर्शनाला जाते आणि प्रसादाऐवजी नासके पेरू घेऊन येते. तिथल्या फळवाल्यानं एकदा दया येऊन दोन चांगले पेरू पुढे केले, तर म्हणाली, "नहीं भिया, इनमें कीड़े नहीं हैं." धंद्यात अशी तक्रार त्या बिचाऱ्यानं पहिल्यांदाच ऐकली असावी.

हे किडे म्हणजे सूत्रकृमी, तिळाहूनही लहान. ताई कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांचाच अभ्यास करते. शहराबाहेर बेटम्याच्या बागेतले किडे जास्त जगतात, खजरान्याचे लवकर आटोपतात पण अंडी भरपूर घालतात, असं का, हा तिचा प्रश्न. "जीन दोघांत जवळजवळ तेच," ती सांगते, "पण एकात कुठला जास्त काम करतो, दुसऱ्यात कमी. मतलब, अशा बारीक बारीक फरकांचं मिळून एक आयुष्य ठरतं. एकावर बोट नाही ठेवता येत." हे ती लग्नाच्या पंगतीतही सांगते. एका बारशाला बायका बाळाचं नाक आजीला आणि कपाळ काकाला वाटून देत होत्या. ताईनं त्या नाकामागे किती जीन असू शकतात ते समजवायला घेतलं, आणि बाळाचं नाव ठेवायचा मुहूर्त टळून गेला.

मागच्या मे महिन्यात प्रयोगशाळेतलं किड्यांचं थंड कपाट बंद पडलं. कित्येक वर्षांची मेहनत उकाड्यात मरणार म्हणून ताई किड्यांच्या सगळ्या काचेच्या बश्या रिक्षात घालून विजय नगरला आमच्या फ्लॅटवर आली. आमच्याकडे एसी एकाच खोलीत. दोन दिवस आम्ही हॉलमध्ये घामाघूम आणि किडे वीस डिग्रीत.

"पाहुण्यांना काही खायला देऊ का?" माझ्या बायकोनं विचारलं.

"नको गं, बॅक्टेरिया आहेत त्यांच्याजवळ," ताई गंभीरपणे म्हणाली.

तिसऱ्या दिवशी कपाट दुरुस्त झालं. बश्या बांधताना मी विचारू नये ते विचारलं. तिचे बाबा वर्षभरापासून सगळं विसरू लागले आहेत. त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं. "तुझं पुढे काय, हे तुला कळत असेल ना?"

ताईनं गाठ नीट मारली. "किड्याचंच पुरतं कळलं नाही रे अजून," ती म्हणाली.

बश्या प्रयोगशाळेत पोचवायला जाताना आम्ही तिच्या घरी थांबलो. बाबा व्हरांड्यात बसले होते. "आपण कोण?" त्यांनी तिला विचारलं.

"मी किड्यांचा अभ्यास करते."

"असं? बसा ना. कसले किडे?"

ताई बसली, एक बशी काढून त्यांच्या हातात दिली आणि पहिल्यापासून सांगू लागली. आम्ही सगळे जे ऐकायचं टाळत आलो, ते बाबा मान डोलावत, मध्ये मध्ये शंका विचारत ऐकत होते.

"फार मोठं काम करता हो तुम्ही," शेवटी ते म्हणाले. "वडिलांना सांगितलंत का हे?"

"रोज सांगते," ताई म्हणाली.