शाळेचे पत्रे आणि गावची आणेवारी

चार वर्ग, दोन मास्तर, चार भिंती आणि वर मोकळं आभाळ! अशा शाळेत नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. सत्तरच्या दशकात सेलू तालुक्यात अशाच एका शाळेत मी दुय्यम शिक्षक होतो. हेडमास्तर होते खंदारे गुरुजी; गावचेच, घरची शेती असलेले.

गोम अशी होती. गावची आणेवारी कमी लागली, म्हणजे सरकारदरबारी पीक वाईट ठरलं, की शेतसारा तहकूब. मग साऱ्यावरचा उपकरही तहकूब! अन् त्या उपकरातूनच तर आमच्या शाळेवर पत्रे पडायचे होते. त्यामुळे अख्खं गाव पीक लपवायचं आणि गुरुजी एकटे ते उघडं पाडायचे.

*

शाळा तपासायला साहेब आले. म्हणाले, "चौथीचा वर्ग कुठाय?"

"सकाळी पूर्वेच्या भिंतीला, दुपारी पश्चिमेच्या. सावली जिकडं, चौथी तिकडं!" गुरुजी म्हणाले.

साहेबांनी शेरा मारला, 'वर्ग हवेशीर आहेत.' पोरांची डोकी तापायची, त्याचं मला खरंच वाईट वाटायचं.

*

गुरुजींनी फळ्यावर गणित घातलं. 'किसनरावांच्या एका एकरात आठ पोती ज्वारी, तर पाच एकरांत किती?'

संध्याकाळी खरे किसनराव शाळेत हजर! "गुरुजी, पीक बघणाऱ्या सायबाच्या कानावर गेलं म्हंजी? आठ पोती लय हायेत!"

"बरं, चार करतो."

"गुणाकार कशाला पायजे? वजाबाकी शिकवा की!"

*

मारोतरावांनी नवी विहीर पाडली. जमीन बागायत ठरली तर सारा वाढणार, म्हणून विहिरीभोवती कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या. पीकपाणी तपासणारे महसुलाचे गिरदावर साहेब आले, तेव्हा आत पाण्याचं इंजिन चालूच राहिलेलं. भक् भक् भक्!

"कडब्यात काय वाजायलंय?"

"उंदरं लय झालीत, सायेब!"

*

सरपंच बाबाराव दरसाल गिरदावर साहेबांना देवगाव फाट्यावरून थेट एकाच माळावर न्यायचे. एका वर्षी साहेब वैतागले. "सरपंच, हे झुडूप मागच्या साली पण बघितलं होतं!"

"व्हय सायेब. आमच्या गावात तेवढंच जगतंय!"

*

आणि मग ते साल. सरपंचांवरचा विश्वास उडाल्यामुळे साहेबांनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याचं नाव निघेल, त्याच्या शेतातला एक तुकडा कापायचा आणि दाणे मोजायचे. चिठ्ठी निघाली खंदारे गुरुजींची!

गुरुजींची ज्वारी त्या साली डोक्याच्या वर गेलेली. मला तर आनंदाने उड्या माराव्याशा वाटल्या. आता पत्रे नक्की! सगळं गाव बांधावर जमलं.

गुरुजींनी एकदा पिकाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि साहेबांना घेऊन निघाले ते थेट लिंबाखालच्या कोपऱ्यात. तिथली कणसं करंगळीएवढी!

भाकरीची टोपली घेऊन आलेल्या गुरुजींच्या बायको बांधावरून ओरडल्या, "आवो, तिकडं कुटं चाललाव? बेस कणसं इकडं हायेत!"

"तुमी भाकरी वाढा!" गुरुजी मागे न बघता म्हणाले.

साहेब गोंधळले. सरपंचांना म्हणाले, "मग कुठला तुकडा मोजू?"

बाबारावांनी हात जोडले. "सायेब, ह्यो शाळेच्या पत्र्यांचा सवाल हाय, अन् शाळेचा कारभार हेडमास्तर बघतेत. त्येंनाच इचारा!"