शहाजी सुताराचं झाकण

रोज पहाटे साडेचारला, कंपनीची बस यायच्या आधी, शहाजी सुतार उशाजवळची वीतभर लाकडी पेटी मांडीवर घ्यायचा. झाकण उचलायचा, पुन्हा पेटीच्या तोंडावर टेकवायचा आणि हात काढून घ्यायचा. झाकण लगेच बसत नसे. आतली हवा त्याला खालून तोलून धरी. मग ती केसाएवढ्या फटीतून निघून जाई आणि झाकण सरळ, संथ, स्वतःच्या वजनानं खाली येई.

वरच्या खाटेवरून सचिन विचारायचा, "उतरलं का इमान?"

"उतरलं."

"धावपट्टीवरच न्हवं?"

"झोप मर्दा, पाच मिनिटं हाईत अजून."

दोह्याच्या अल मन्सूरा वस्तीतल्या त्या खोलीत सहा खाटा होत्या. बाकीच्यांना हे खूळ वाटे. सचिन ड्रायव्हर होता, शहाजीच्याच गडहिंग्लजकडचा. त्याला पेटीची सगळी हकिकत ठाऊक होती, म्हणून चेष्टा करायचा हक्कही त्याचाच.

शहाजी दोह्यात आला तेव्हा फुटबॉलच्या वर्ल्ड कपला आठ वर्षं होती. स्टेडियममधल्या खास पाहुण्यांच्या दालनांना लाकडी भिंती करणाऱ्या वर्कशॉपमध्ये त्याला काम मिळालं. पट्ट्या मशीनवर कापून, नंबर लावून येत. त्यानं फक्त जोडायच्या. रंधा हत्यारांच्या पेटीतच पडून राहिला. तो बाहेर निघाला तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या मखरासाठी, आणि तिथं रंध्यातून निघालेली लांबलचक अखंड ढलपी मृणालिनीताईंनी पाहिली.

ताई पुण्याच्या. यजमान गॅस कंपनीत, घर अल हिलालमध्ये. त्यांना चिनी-जपानी चहाच्या भांड्यांचा नाद होता. घरी बोलावून त्यांनी एक काळसर, जाड जपानी वाडगा शहाजीच्या हातात दिला. घर बदलताना त्याची मूळ पेटी हरवली होती.

"वाडग्याला पेटी?" शहाजी म्हणाला. "आमच्यात पेटीत सोनं ठेवत्यात, ताई."

"तिकडे पेटी नसेल तर वाडगा उघडा पडल्यासारखा वाटतो. आणि चांगल्या पेटीचं झाकण दाबावं लागत नाही म्हणे, आपोआप उतरतं."

शहाजीनं वाडगा उलटा केला. बुडाशी चकाकी नव्हती, तिथं तीन बोटांचे ठसे होते. झिलईत बुडवताना कुंभारानं तिथं धरलं असणार. त्यानं आपली तीन बोटं त्यावर ठेवली. बरोबर बसली.

"माणसानं केल्यालं दिसतंय," तो म्हणाला, आणि पेटी करायचं कबूल केलं.

पहिली पेटी फसली. वर्कशॉपमधल्या उरलेल्या पाइनची, एसीच्या कोरड्या हवेत घट्ट बसवलेली. जुलैत ताई दोन महिने पुण्याला गेल्या, घराचा एसी बंद राहिला आणि ऑगस्टच्या दमट हवेनं लाकूड फुगलं. परत आल्या तर झाकण निघेना. शेवटी सुरी घालून उघडलं. वाडग्याला राळेचा वास लागला होता.

ताई रागावल्या नाहीत. "चालायचंच," एवढंच म्हणाल्या. शहाजीला ते रागावण्याहून लागलं. सुरीची खाच पडलेलं झाकण त्यानं मागून आणलं आणि खाटेच्या पायाशी ठेवलं, रोज दिसेल असं.

दोन वर्षांनी तो सुट्टीवर गावी गेला. येताना बॅगेत चटणी निम्मीच, आणि खाली शिवणीच्या चार फळ्या. शिवण हलकी, वास नसलेली, हवेला फारशी न बधणारी.

"आईनं दिल्याली चटणी ठेवून लाकूड आणलंस?" सचिन ओरडला. "दोह्यात लाकडाचा दुष्काळ पडलाय व्हय रे?"

फळ्या शहाजीनं आधी ताईंच्या घरी नेऊन भिंतीला उभ्या केल्या. "महिनाभर ऱ्हाऊ द्यात. पेटी ज्या घरात नांदायची, तिथली हवा तिला आधी अंगवळणी पडू दे."

महिन्यानंतर दर शुक्रवारी तो येई, व्हरांड्यात बसून रंधा मारी. झाकण बसवायला चार शुक्रवार गेले. एक ढलपी जास्त निघाली तर सैल, कमी निघाली तर घट्ट. ताई मधूनच चहा देत: दूध नाही, साखर नाही, मुठीएवढ्या चिनी मातीच्या किटलीतला. पहिलं पाणी त्या किटलीवरच ओतून टाकायच्या.

"सांडलं की, ताई!"

"पहिलं पाणी भांड्याला. दुसरं आपल्याला."

सचिनला एकदा शहाजीनं हाच चहा पाजला. तो म्हणाला, "हरभऱ्याचा पाला उकळलाय ह्यो." पण कप खाली ठेवला नाही.

मार्चात ताईंकडे हिसाए-सान येणार होत्या. साठीच्या, दोह्यातल्या जपानी बायकांना चहाचे रीतिरिवाज शिकवणाऱ्या. शहाजी इस्त्रीचा सदरा घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. खाच पडलेलं झाकण त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

हिसाए-साननी पेटीची फीत सोडली. झाकण काढलं, वाडगा बाजूला ठेवला आणि झाकण पुन्हा तोंडावर टेकवून हात मागे घेतला. झाकण उतरू लागलं. मध्यावर किंचित थांबल्यासारखं झालं आणि मग ते तसंच सरळ खाली जाऊन बसलं.

हिसाए-साननी पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. मग पेटी उलटी केली.

बुडाला पेन्सिलीची एक वेलांटी होती. फळीची चांगली बाजू ओळखायला शहाजीचा बाप काढायचा तीच. काम झालं की ती रंध्यानं काढून टाकायची असते. शहाजी विसरला होता. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

हिसाए-सान इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. ताई हसल्या. "शहाजी, त्या विचारताहेत, ही तुमची सही का?"

"न्हाई ओ, ती पुसायची राहिली. आत्ता काढतो."

ताईंनी सांगितलं. हिसाए-साननी नकारार्थी मान हलवली, दोन्ही हात पेटीवर ठेवले आणि त्याच्याकडे बघून वाकल्या. त्यांच्याकडच्या एका वाडग्यालाही पेटी हवी होती. खुणेसकट.

त्यानंतर शहाजीनं वेलांटी कधी पुसली नाही. पेट्यांचा मोबदला म्हणून तो जोडीतले एकटे उरलेले कप मागून घेई. पुढच्या चार वर्षांत त्याच्याकडे अकरा नग झाले: आडव्या मुठीची जपानी किटली ("रंध्यागत धरता येती," तो म्हणे), एक लाल मातीची चिनी, आणि एकासारखा दुसरा नसलेले नऊ कप. प्रत्येकाला शिवणीची पेटी. शुक्रवारी सकाळी खोलीतले सहाही जण त्यातून चहा पीत. पहिलं पाणी कुणी प्यायला गेलं तर आता सचिनच हात धरी.

२०२२ च्या ऑक्टोबरात काम संपलं. स्टेडियममध्ये दिवे लागले होते. शहाजीच्या बॅगेत दहा पेट्या होत्या, कपडे बहुतेक वाटून टाकलेले. अकरावी, उशाजवळची, त्यानं सचिनला दिली. आत काठावर टवका उडालेला निळा कप.

विमानतळाची गाडी खाली उभी होती. सचिननं पेटी उघडून बघितली, नाक ओढलं आणि तळहातानं झाकण दाबलं.

शहाजीनं गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"दाबू नगंस रे. आपसूक बसतंय."