हवालदार अक्का आणि खुर्ची

हवालदार अक्का हसल्या की ठाण्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. खोटं वाटेल, पण आमच्या कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात हे पाहिलेले लोक अजून आहेत. बाई उंचीने जेमतेम पाच फूट, खाकी साडी नाहीतर पँट, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की बाजाराच्या एका टोकाला बोलल्या तर दुसऱ्या टोकाचा भाजीवाला "व्हय, अक्का!" म्हणून ओ द्यायचा. साहेबांशी कानडी, आमच्याशी मराठी आणि टांगेवाल्या चाचांशी दखनी उर्दू, सगळं त्याच पट्टीत. हळू बोलणं त्यांना जमतच नसे.

मी नववीत असताना त्या दर शनिवारी स्कूटीवरून आमच्या शाळेत यायला लागल्या. वरून तसा हुकूम होता म्हणे, की पोलिसांनी शाळेत जाऊन मुलींशी बोलावं. दुसरा कोणी असता तर कागद वाचून, सही घेऊन, चहा पिऊन गेला असता. अक्कांनी पहिल्याच दिवशी कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाल्या, "पोरींनो, ओरडा." आम्ही एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसलो. "हसायलाव कामून? कुणी हात धरला तर असंच हसनार हाव का?" मग आम्ही ओरडलो. पहिल्यांदा मांजरीसारखं, चौथ्यांदा असं की हेडमास्तर डस्टर हातात घेऊन धावत आले. अक्कांनी त्यांनाही ओरडायला लावलं, आणि त्यांचाच आवाज सगळ्यात बारीक निघाला. त्या दिवशी घरी जाताना माझा घसा बसला होता आणि मी अक्षरशः उड्या मारत होते.

मुलांचा तास त्या वेगळा घ्यायच्या. खिडकीतून आम्ही ऐकायचो. एकदा एका दांडगटाला त्यांनी उभं केलं आणि विचारलं, "घरी बहिनीला मारतूस का रे?" तो म्हणाला, "चुकली तर मारतो." "आन तू चुकल्यावर?" पोरगं डोकं खाजवायला लागलं. "तवा बहीन मारती का तुला? न्हाई न? मग हे मारनं चुकीपायी न्हाई, जोरापायी हाय. बस खाली, आन घरी जाऊन इचार कर." त्या पोराला वर्गाने महिनाभर "इचार कर" म्हणून चिडवलं.

पण अक्कांचा खरा धडा खुर्चीचा. आमच्याकडे चांगल्या घरच्या बाईने ठाण्याची पायरी चढायची नसते. गेलीच तर बापाच्या नाहीतर भावाच्या मागे, आणि तेही दाराबाहेर उभं राहायचं. अक्का आम्हाला दहा-दहाच्या टोळ्या करून ठाण्यात न्यायच्या आणि एकेकीला टेबलासमोरच्या खुर्चीवर बसवायच्या. बसल्यावर चहा मिळायचा. माझी पाळी आली तेव्हा मी खुर्चीच्या कडेला टेकले. "नीट बस," अक्का गरजल्या. "ही खुर्ची तक्रार देनाराची हाय. साहेबाची न्हाई, माजी बी न्हाई." चहा फार गोड होता आणि बशी तडकलेली होती, हे मला आजही आठवतं.

त्याच वर्षी, तुरी निघायच्या सुमारास, माझी थोरली बहीण सुमाताई मार खाऊन माहेरी आली. आमच्या सीमेवरच्या लोकांची एक जुनी खोड आहे: लेक द्यायची ती पलीकडे, महाराष्ट्रात. भाषा एक, देव एक, बस तासाभराची, मग राज्य वेगळं आहे हे कुणाच्या लक्षात राहतं? ते लक्षात येतं अशा वेळी. माझे वडील, अप्पा, पलीकडच्या ठाण्यात गेले तर ते म्हणाले, मुलगी तुमच्याकडे आहे, तिकडे तक्रार द्या. अलीकडे आले तर दारातल्या शिपायाने विचारलं, मारलं कुठं? मग तिकडेच जा. अप्पांनी अशा तीन खेपा केल्या. चौथ्या दिवशी ते दमून ओसरीवर बसले आणि म्हणाले, "सोमवारी बैठक हाय. सासरचे येनार. चार मान्सं मिटवतील, ताईला धाडून देऊ." आत ताईने हे ऐकलं. ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी दप्तरासकट ठाण्यात गेले. कुणाला विचारलं नाही. दारातला शिपाई "काय गं?" म्हणेपर्यंत मी जाऊन खुर्चीवर बसले होते. नीट, पाठ टेकून. अक्का आतून आल्या, मला बघून समोर स्टूल ओढून बसल्या. सगळं ऐकल्यावर शिपायाकडे वळून म्हणाल्या, "मार बाईच्या अंगावर हाय, हद्दीच्या दगडावर न्हाई. कुठल्या बी ठाण्यानं तक्रार घ्यावी लागती, मग ज्याची हद्द त्याला धाडायची. हे तुला ट्रेनिंगात शिकिवलं का न्हाई?" कबुतरं उडाली, पण हसण्याने नव्हे.

अक्का तशाच स्कूटीवर मला मागे बसवून घरी आल्या. अप्पांना आणि काकांना अंगणात काढलं. ताईसमोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "सांग." ताई बोलेना. अक्कांनी आईकडून भुईमुगाच्या शेंगा मागवल्या आणि निवांत सोलत बसल्या. एवढी तोंडाळ बाई, अर्धा तास एक शब्द बोलली नाही. मग ताई पदराआडून बोलायला लागली, आणि दोन वर्षांचं सगळं बाहेर आलं. अक्कांनी लिहून घेतलं. त्यांचा नियम असा, की सही-अंगठ्याआधी लिहिलेलं ज्याचं त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं. त्यांनी वाचलं, "किरकोळ कारणावरून मारले."

ताई म्हणाली, "कारन नव्हतंच, अक्का."

अक्कांनी पुन्हा पेन उचललं. "चुकलं माजं," त्या म्हणाल्या. "सवयीनं लिवलं." त्यांनी ते दोन शब्द खोडले, शेजारी सही केली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

सोमवारी मारुतीच्या पारावर बैठक बसली. सासरची मंडळी खण-नारळ घेऊनच आली होती, जणू निकाल लागलाच आहे. तेवढ्यात जीप आली, साहेब उतरले, मागून अक्का. गावच्या म्हाताऱ्या अण्णांनी समजूत घातली, "अक्का, घरातलं हाय. चार मान्सांत मिटवूत की." अक्का म्हणाल्या, "मिटवा. फकस्त त्या चारात बाई कोन हाय तेवढं दावा." मग त्यांनी शेजारच्या दुकानातून खुर्ची मागवली, पाराच्या मधोमध ठेवली आणि ताईला बसवलं. ताईने पदर खोचला. मग स्वच्छ म्हणाली, "मी जात न्हाई. तक्रार दिलीया." मी इतक्या जोरात ओरडले की शाळेच्या भिंतीवर चढलेल्या माझ्या मैत्रिणीही ओरडल्या, आणि सासरच्यांचा नारळ पिशवीतच परत गेला. अप्पा ताईच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. त्यांना असं उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आठवड्यातच अक्कांची बीदरकडे बदली झाली. कुणी म्हणे नेहमीची, कुणी म्हणे पलीकडून वजन पडलं. निरोपालाही थांबल्या नाहीत. खटला मात्र त्यांनी लिहिलेल्या कागदावर चालला आणि टिकला. ताई पुन्हा शिकली, नर्स झाली. मी मास्तरीण झाले. शनिवारी माझा वर्ग ओरडतो तेव्हा शेजारच्या वर्गाची तक्रार येते, आणि मला फार बरं वाटतं.

यंदा कळलं, की अक्का निवृत्त होऊन बीदरजवळच्या जनवाड्याला राहतात. आम्ही दोघी गेलो. त्यांनी मला लगेच ओळखलं, "खुर्चीवाली!" म्हणून मिठी मारली. ताईकडे मात्र बघतच राहिल्या. "ही कोन गं?"

"मी सुमा, अक्का. तुमी माजी तक्रार लिवली व्हती."

अक्कांनी चष्मा पुसला, ताईची हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या.

"तवा सगळं सुजल्यालं व्हतं गं. हे आसं हाय व्हय तुजं तोंड!"