सावल्या चोरीला गेलेल्या राज्याचे एकमेव प्रचारक

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात कादंबरीची शिफारस करणारा आमच्या साडूंइतका निष्ठावान माणूस सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका अपयशीही. जवळा बाजारला त्यांचं शिंप्याचं दुकान आहे. पन्नाशी उलटली, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, आणि तीन वर्षांपासून डोक्यात एकच खूळ: मोबाइलवर दर गुरुवारी एकेक भाग येणारी कादंबरी. त्यात एक राज्य आहे. तिथल्या माणसांच्या सावल्या कुणीतरी चोरून नेतो आणि एक मुलगी फाटक्या सावल्या शिवत शिवत चोराच्या मागावर निघते. ‘शिवत शिवत’ एवढ्यावरच शिंपी साडू गारद झाले असावेत. लिहिणारी बाई कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नाही. साडू तिला ‘ताई’ म्हणतात.

माप घ्यायच्या निमित्तानं ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात टेप टाकत आणि मग सुरू होत. गळ्यात टेप असलेला माणूस पळणार कुठे? एका नवरदेवाचं माप चालू असताना नेमकी चोराची गुहा आली आणि भरात साडूंनी छातीचं माप बाहीपुढे लिहिलं. लग्नात त्या बिचाऱ्याचे हात कुणालाच दिसले नाहीत. तो भांडायला आला तर साडू म्हणाले, “ते करून देतो बराबर. पयला भाग वाचला का?”

पहिला भाग वाचल्याशिवाय शिवलेला कपडा द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. वर परीक्षा.

“वाचला का?”

“व्हय मास्तर.”

“मंग सांगा, पोरीची सुई कशाची हाय?”

गिऱ्हाईक छताकडे बघायचं. इथे साडूंना राहवायचं नाही. “अरे, माशाच्या काट्याची!” असं म्हणून ते स्वतःच सांगायला बसत, पहिल्या भागापासून परवाच्या भागापर्यंत, आवाज बदलून, कात्री वाजवून. बाजाराच्या दिवशी दुकानापुढे ही गर्दी! समोरचे बांगडीवाले चाचा गिऱ्हाइकाचा हात तसाच हवेत सोडून ओरडत, “मास्टर, वो चोर पकडा गया क्या?” ऐकायला सगळे होते, वाचायला कुणी नाही. आयतं ऐकायला मिळत असताना डोळे कोण फोडून घेणार? मीही त्यातलाच. “भाऊ, वाचून राहिलात ना?” असं त्यांनी विचारलं की मी ‘हो’ म्हणून मान हलवी आणि त्यांच्याकडून ऐकलेले भाग घरी जेवताना माझ्या वाचनातले म्हणून खपवी.

मग एका गुरुवारी ताईनं भागाखाली लिहिलं, की दिवाळीपर्यंत पन्नास वाचक झाले नाहीत तर मी थांबते. साडू सकाळच्या गाडीनं माझ्याकडे हिंगोलीला आले. चहाही घेईनात.

मी म्हटलं, “भाऊ, लोकांच्या मोबाइलवर नुसतं उघडून द्या. आकडा वाढेल.”

“न वाचता नुसतं बोट लावायचं? ताईला फसवायचं व्हय?”

“मग तुम्ही सांगणं बंद करा. अर्ध्यात सोडा. पुढचं झक मारून वाचतील.”

हे त्यांना पटलं. बाजाराच्या दिवशी मीही गेलो. मुलगी चोराच्या पुलावर पोचली आणि साडू थांबले. “आता पुढलं मोबाइलात वाचा.” मग तांड्यावरची एक म्हातारी, नातीचं झंपर न्यायला आलेली, म्हणाली, “मास्तर, मला कुठं वाचता येतं? सांगा की. पोरगी पडली का काय?”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, कात्री खाली ठेवली आणि सांगितलं. परवाच्या भागाच्या शेवटपर्यंत. मेव्हणी आतून म्हणाली, “दुकानाला कुलूप लावता येतं, ह्यांच्या तोंडाला न्हाई.”

दिवाळी झाली. मुलगी चोराच्या दारात पोचली आणि कादंबरी थांबली. पुढच्या बाजाराला मी तिथेच होतो. लोक आले, बसले. साडूंनी ‘न्हाई’ म्हणून मान हलवली. चाचा म्हणाले, “अपने मन से बोल दो ना मास्टर, किसको मालूम पडता?”

“न्हाई चाचा. पोरगी ताईची हाय. मी काहून तिला कुठं न्यावं?”

लोक हळूहळू उठले. म्हातारी जरा वेळ बसून राहिली, मग तीही गेली.

परतताना एसटीत मी ती कादंबरी पहिल्यांदा उघडली. प्रत्येक भागाखाली एकच अभिप्राय होता, साडूंचा: ‘वाचला. लई छान.’ शेवटच्या भागाखाली तेवढं जास्त लिहिलेलं होतं: ‘ताई, पन्नास झाले न्हाईत. चूक माझी हाय. तुमी तकलीफ करून घेऊ नका. पण इथं बाजारात लई लोक तुमच्या पोरीची वाट पाहून राहिलेत. त्यांची नावं तुमाला तिकडं दिसत न्हाईत, एवढंच.’

खाली उत्तर नव्हतं. मी मागे जात जात पहिला भाग काढला आणि वाचायला लागलो. वाटेतलं औंढा कधी गेलं, कळलं नाही.