गिरजाकाकूंच्या टीव्हीवर

किड्यामुंग्यांचे फोटो काढणारी माणसं एकत्र आली की फोटो कमी आणि किस्सेच जास्त निघतात. फोटो तरी पुसता येतात हो, किस्से कुठं पुसणार? ते साठतच जातात.

आम्ही तिघं. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळं दुसऱ्याच्या फोटोला नावं ठेवायचा परवाना आपल्याकडं आहे असं धरून चालते. रज्जाकभाई सिटी चौकात घड्याळं दुरुस्त करतात. आणि गालावर तीळ असलेले आप्पा मूळचे पिशोरचे. घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं, स्वतः मात्र एसटीत कंडक्टर, आता रिटायर. तिघांकडं खिशात मावणारे छोटे झूम कॅमेरे. रविवारी सकाळी हिमायत बागेत जायचं, कॅमेऱ्यावर मॅक्रोचं, म्हणजे अगदी जवळून टिपायचं, फुलाचं चिन्ह लावायचं आणि मुंग्यांसमोर लोटांगण घालायचं!

*

आप्पांचा पहिला रविवार. लांब उभे राहून फुल्ल झूम करून नाकतोडा टिपायला बघत होते. फोकस होईना.

"आप्पा, मॅक्रोत झूम चालत नाही. झूम मागं घ्या आणि तुम्हीच जवळ जा," मी म्हणाले.

गेले. इतके जवळ गेले, की नाकतोडा उडी मारून थेट लेन्सवरच बसला!

"बाई, आता तोच जवळ आला. आता काय करू?"

*

रज्जाकभाई एकदा दवाचा थेंब टिपायला गवतात पालथे पडले होते. श्वास रोखून, अजिबात न हलता. फिरायला आलेल्या दोन काकांना वाटलं, माणूस गेला! एकानं धावत येऊन आख्खी बाटली त्यांच्या डोक्यावर ओतली.

रज्जाकभाई निथळत उठले. "अरे चचा, पानी फूल पे मारना था, मेरे पे कायको?"

*

एवढं जवळून कशाला काढायचं, हे आप्पांनी पहिले काही आठवडे सांगितलंच नाही. मग एकदा चहा पिताना म्हणाले, "घरच्यांसाठी."

गिरजाकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डोळ्यांचा पडदा खराब झालेला. जिथं बघावं तिथं मधोमध काळा धब्बा, कडेकडेनंच काय ते दिसतं. माणसाचं तोंड दिसत नाही. पण छोटी वस्तू टीव्हीभर मोठी केली, की काहीतरी कळतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते किती टिकेल सांगता येत नाही.

"म्हणून म्हणलं, टिकतंय तवर दाखवून घ्यावं," आप्पा म्हणाले.

रज्जाकभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मला फार वाईट वाटलं.

*

लेन्सवरून उतरल्यावर टिपलेला तो पहिला नाकतोडा काकूंनी टीव्हीला नाक लावून पाहिला म्हणे. मग म्हणाल्या, "अगं बया! केवढाले डोळे! माझे काढून ह्यालाच दिले का काय देवानं?"

आप्पा हे हसत हसत सांगायला लागले, पण शेवटपर्यंत हसू टिकलं नाही.

*

माझा कमळाच्या पाकळीचा फोटो होता. शाळेत सगळ्यांनी वा वा केलेला. मोठ्या तोऱ्यात मी तो काकूंना दाखवायला घेऊन गेले.

"ह्यात काय हाय? नुसतं गुळगुळीत! बाई, खरबरीत काय असंल तर आणा. खरबरीतच मला घावतं."

झालं! आम्ही तिघं कामाला लागलो. बाजरीचं कणीस, कारलं, दगडावरचं शेवाळ. आप्पांनी तर घरातलीच घोंगडी टिपली, त्यांच्या आईच्या वेळची. काकूंनी टीव्हीवर पाहिली आणि ओरडल्या, "अहो, कसर लागलीय हिला! उन्हात टाका आधी!"

वर्षभर घोंगडी उशाशी होती, पण कसर लागलेली कळली ती टीव्हीवर.

*

यंदा उन्हाळ्यात धब्बा वाढला. काकूंचं स्टूल टीव्हीच्या इतकं पुढं सरकलं, की त्याच्यापुढं सरकायला जागाच उरली नाही. डॉक्टरांनी मान हलवली.

त्यानंतरच्या रविवारी आप्पा बागेत आम्हाला सोडून एकटेच पुढं गेले. बघते तर चिंचेच्या झाडामागं उभे राहून कॅमेरा स्वतःच्याच गालाच्या अगदी जवळ धरलेला!

"आप्पा, कॅमेरा उल्टा पकड़े तुमे!" रज्जाकभाई ओरडले.

आप्पांनी पटकन कॅमेरा खिशात घातला आणि घरी निघून गेले.

पुढच्या रविवारी चहाच्या टपरीवर आपणहून बोलले. "ती म्हणली होती, 'फुलं-किडे लई झाले, एकदा तुमचं तोंड आणा.' म्हणलं, ह्या वयात माझं थोबाड काय बघतीस? पण करमंना. घेतला काढून. लई जवळून आला. डोळ्याखालच्या सुरकुत्या, पांढरे खुंट, बाकी कायबी नाय. टीव्हीवर लावला आन् मलाच लाज वाटली. तिला म्हणलं, हे बाभळीचं खोड हाय."

"मग?" मी विचारलं.

"लई वेळ बघत बसली. मान अशी तिरपी करून, कडंनं. मी म्हणलं, बंद करू का? तर म्हणली, 'राहू द्या. बाभळीला तीळ असतो व्हय?'"