दोन्ही बाह्या डाव्या

शिवणकामाच्या दुकानाचं शटर कोसळलं आणि मास्तरीणबाईंच्या उजव्या अंगठ्याचा चेंदामेंदा झाला. तीस वर्षं ज्या हातानं लोकांचे कपडे कापले, त्याच हाताचा अंगठा गेला! दुकान दिराचं, पण कापायचं टेबल बाईंचं. तिथं दुसऱ्या कुणी कात्री लावली की त्यांचा पारा चढायचा. पट्ट्या सुटल्या तेव्हा दीर मऊ आवाजात म्हणाला, “वहिनी, आता बसून काजं-बटणं करा. टेबलावर नवा कारागीर ठेवतो.”

“महिनाभर थांबा, भाऊजी. डाव्या हातानं नाही जमलं तर मी आपणहून उठेन.”

बोलायला काय जातं! अहो, कात्री उजव्या हाताची. डाव्यात धरली की पाती फाकतात, कापड मध्येच दुमडतं आणि खडूची रेघ पात्याआड जाते. बाईंनी रद्दीचे गठ्ठे कापून काढले. बोटांना फोड आले, कात्रीनं शिव्या खाल्ल्या. शेवटी एकदाची गोम कळली: अंगठा बाहेर रेटायचा नाही, आत ओढायचा. मग कात्री मुकाट्यानं चालायला लागली.

महिना संपत आला आणि एका शिक्षकांचा कोट शिवायला आला. जाड कापड दुहेरी घडीत डाव्या हाताला आवरेना, म्हणून बाईंनी बाह्या एकेक करून कापल्या. दुसरीच्या वेळी कागदी नमुना उलटा करायचा राहिला. झालं! शिक्षकांच्या अंगावर कच्च्या टाक्यांचा कोट चढवला, तर उजवी बाही मागे वळलेली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या!

दीर लगबगीनं पुढे आला. “माफ करा, सर. वहिनींच्या हाताचं असं झालंय ना...”

“हाताला मध्ये आणू नका!” बाई कडाडल्या. “हातानं रेघ कुठंच सोडलेली नाही. नमुना उलटवायला मी विसरले. विसरण्यात अंगठ्याचा काय दोष?” मग शिक्षकांकडे वळल्या. “सर, उरल्या कापडात बाही बसते. काखेत एक जोड येईल, दिसणार नाही. चालेल?”

शिक्षकांनी मान डोलावली. बाईंनी तिथंच कापड पसरलं, नमुना उलटा ठेवला, कात्री लावली. जीव टांगणीला लागला होता, का नाही लागणार? पण हात थांबला नाही. बाही सुटी झाली. शिक्षकांनी बाहीच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते म्हणाले, “शिवा आता.”

दीर पुटपुटला, “त्या कारागिराला उद्या बोलावून बसलोय, वहिनी.”

“येऊ दे की! मशीनवर बसवा त्याला. टेबलावरून मी उठणार नाही.”