प्रात्यक्षिकाला गैरहजर

नव्वदच्या दशकात बारामतीच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो आणि स्वतःला फार स्वच्छ समजायचो. प्रात्यक्षिकाचे गुण मी आणि विद्यापीठाने पाठवलेला बाहेरचा परीक्षक मिळून द्यायचो. त्यामुळे परीक्षा जवळ आली की पालकांची पावलं स्टाफरूमकडे वळत. कुणाची काकवी, कुणाचं तूप. मी प्रयोगशाळेच्या दारावर कागदच चिकटवला: काही आणाल तर विद्यार्थ्याचं नाव विद्यापीठाला कळवीन. सहकारी हसले. मला राग आला, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला.

शेवटच्या वर्षाला वरकुट्याची एक मुलगी होती. घरची मेंढरं विकून वडिलांनी शेती धरलेली, कॉलेजचं तोंड पाहिलेली ही घरातली पहिलीच. टायट्रेशनला ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडताना तिचा हात थरथरायचा. महिनाभर कॉलेज सुटल्यावर थांबून मी तिच्याकडून ते करून घेतलं. हात छान बसला.

परीक्षेच्या आदल्या दुपारी तिचे वडील प्रयोगशाळेत आले. सगळी बॅच तिथेच होती, तीही होती. त्यांनी काखेतली कोरी काळी घोंगडी उलगडून माझ्या खांद्यावर घातली. मेंढपाळांच्या घरी मान असाच करतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी मी ती ओढून काढली.

"लाच घेऊन येता? पोरीला नापास करायचंय का?"

"लाच न्हाय सर. आमच्या शेवटच्या लोकरीची हाय. तुमी पोरीसाठनं थांबत व्हता, म्हणून..."

घोंगडी गोळा करून त्यांनी माझीच माफी मागितली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी. तिला आणायला मोटारसायकलवर कुणाला तरी पाठवता आलं असतं. रुसली असेल, म्हटलं, आणि तिच्या नावापुढे स्वतःच्या हाताने 'गैरहजर' लिहिलं. दुपारी बाहेरच्या परीक्षकांना घेऊन सणसरला एका बागायतदाराकडे जेवायला गेलो. त्यांचा मुलगा याच बॅचमधला. पाहुण्याला मटण खाऊ घालायची रीतच होती, त्यात मला काही खटकलं नाही. दोनदा रस्सा मागून घेतला. त्या मुलाला सकाळी साधी ब्युरेट भरता आली नव्हती. संध्याकाळी त्याच्या भरघोस गुणांखाली मी सही केली. लाज आज वाटते, तेव्हा वाटली नाही.

निकाल लागल्यावर वरकुट्याला गेलो. वडील रानात होते, ती दारात आली. परीक्षेला का आली नाहीस, विचारलं.

"पास झाले असते तर समदी म्हणाली असती, बापानं घोंगडी दिली म्हणून झाली."

माझं चुकलं, एवढंच सांगायला मी गेलो होतो. ते सोडून घाईघाईने म्हणालो, "ऑक्टोबरला बस. तुला सगळं येतंय."

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तवाबी परीक्षक तुमीच ना, सर?"

मी हो म्हणालो. तिने ऑक्टोबरचा फॉर्म भरला नाही.